गडहिंग्लजची दिवाळी, फराळ आणि फुटबॉल

मैत्रिणींनो, दिवाळीत दुपारी तीनच्या सुमारास तुमच्या घरची पुरुषमंडळी काय करत असतात हो? आमच्या माहेरी, पंढरपुराकडे, याचं उत्तर ठरलेलं असायचं. भरपेट जेवून घोरत पडलेली असायची! १९९१ साली माझं लग्न झालं. पहिला दिवाळसण रीतीप्रमाणे माहेरी झाला आणि दुसऱ्या वर्षीची दिवाळी सासरी, गडहिंग्लजला. पाडव्याचा दिवस होता. मी हौसेनं श्रीखंड केलेलं. पण पंगत बसली तशी उठली. कोणी दुसऱ्यांदा वाढूनसुद्धा घेतलं नाही. मामंजी, मोठे दीर, हे, शेजारचे काका, सगळे चपला पायात सरकवून बाहेर!

मी घाबरून सासूबाईंना विचारलं, "काही झालंय का हो कुठं?"

"व्हतंय काय? मॅच हाय न्हवं का!"

मला वाटलं क्रिकेटची असेल. तसं मी म्हणाले मात्र, सासूबाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी तांबड्या रश्श्यात साखर घालू का म्हणून विचारलंय. "किरकेट कसलं? फुटबॉल!" त्या दिवशी पाडव्याचं ओवाळणं दिवे लागल्यानंतर बऱ्याच उशिरा झालं. पाटावर बसलेल्या आमच्या ह्यांच्या पँटला गुडघ्यापर्यंत माती होती आणि तोंडावर संघ हरल्याचं सुतक. ओवाळणी काय मिळाली म्हणून विचारू नका.

तर अशा या गावाबद्दल आज तुम्हाला सांगायचंय. पाहण्यासारखं ठिकाण म्हणून गडहिंग्लजला कोणी मुद्दाम जात नाही, हे मी आधीच कबूल करते. कोल्हापूरला अंबाबाईचं दर्शन होतं, पन्हाळा होतो, चप्पल आणि साज यांची खरेदी होते आणि मंडळी परततात. पण पुढच्या खेपेला सवड काढा. दिवाळीची सुट्टी असेल तर फारच उत्तम.

कोल्हापूरहून एसटीनं साठ-सत्तर किलोमीटरचा रस्ता. कागल गेलं की महाराष्ट्र संपतो आणि निपाणी लागते. तवंदीचा घाट चढून-उतरून संकेश्वर येईपर्यंत दुकानांच्या पाट्या कानडीत. तिथं गाडी उजवीकडे वळते, आणि बारा-तेरा किलोमीटरमध्ये पुन्हा मराठी पाट्या सुरू! म्हणजे एका जिल्ह्याच्या गावाहून त्याच जिल्ह्याच्या तालुक्याला जायला मध्ये दुसरं राज्य ओलांडायचं. पहिल्या प्रवासात मी ह्यांना तीनदा विचारलं होतं, "आपण बरोबर चाललोय ना?"

गाव हिरण्यकेशीच्या काठावर आहे. आंबोलीकडे उगम पावून आजऱ्यावरून ही नदी इथं येते आणि पुढे कर्नाटकात जाऊन घटप्रभेला मिळते. आजूबाजूला ऊस. बाजारात मिरची. तुमच्या-माझ्या डब्यातली लांब, सुरकुतलेली, झणझणीत संकेश्वरी मिरची याच पट्ट्यातली. दिवाळी सरली, थंडी पडली की बाजारात लाल ढीग लागतात आणि रस्त्यानं जाणारा माणूस शिंकत शिंकत जातो. वर्षाच्या चटणीची बेगमी करायची असेल तर पारखून घ्यायला यासारखी जागा नाही. देठ हिरवट असेल तर मिरची पुरती वाळलेली नाही असं समजावं, आणि मूठभर हातात घेऊन हलवावी. बिया खुळखुळल्या पाहिजेत. हे मला जाऊबाईंनी शिकवलं. इतिहासाची आवड असेल तर तालुक्यातच सामानगड आहे, जिथून १८४४ सालचा गडकऱ्यांचा उठाव पेटला. नेसरीही इथलीच, जिथं १६७४ च्या फेब्रुवारीत प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी शत्रूवर चालून गेले.

भाषेची एक गंमत सांगायलाच हवी. इकडच्या बायका बोलताना पुरुषासारखं बोलतात. "मी आलो," "मी जेवलो," "मी जातो की गं!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, जाऊबाई चेष्टा करताहेत. आता बत्तीस-तेहतीस वर्षांत कान इतका सरावलाय की सोलापुरात आमच्या घरी कोणी "मी येते हं" म्हणालं की उगीचच लाडिक वाटतं!

आता फुटबॉलकडे येते. दिवाळीच्या सुट्टीत इथं गडहिंग्लज युनायटेडतर्फे मोठी स्पर्धा भरते, एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर. केरळ, गोवा, बंगळूर, मुंबई-पुणे असे लांबलांबचे संघ या तालुक्याच्या गावात खेळायला येतात. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, नुसती कल्पना करा. आपल्या गावात दिवाळीला किल्ले, फटाके, फार तर गाण्यांची पहाट. इथं घराघरांतून चर्चा कसली, तर गोव्याचा गोलकीपर कसा आहे आणि केरळची पोरं वाऱ्यासारखी कशी पळतात! चकली मोडता मोडता माणसं भांडतात. सासुरवाडीला आलेले जावई मैदानावर सापडतात. भाऊबीजेला आलेल्या नणंदांना भाऊ भेटतो तो मध्यंतरात.

आणि या सगळ्याला खाऊ घालतं कोण? सांगायला नकोच. एका वर्षी ह्यांच्या ओळखीनं बाहेरगावच्या संघातली तीन मल्याळी मुलं आमच्याकडे रात्री जेवायला आली. भाषेच्या नावानं सगळा आनंद. जाऊबाईंनी मटणाचा पांढरा रस्सा केला होता. नारळाच्या दुधाचा तो रस्सा चाखल्यावर त्यातला एक उंच पोरगा पाणी आल्यासारखे डोळे करून काहीतरी म्हणाला. कोणाला कळलं नाही. पण जाऊबाईंना कळलं. "आईची आठवण झाली असंल," म्हणाल्या आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढला. दुसऱ्या दिवशी त्याच पोरानं आमच्या दिरांच्या आवडत्या संघावर गोल केला. दीर चिडून घरी आले तर जाऊबाई फडक्याआड हसत होत्या.

हे फुटबॉलचं वेड आलं कुठून, याचा मी बरेच दिवस विचार करत होते. कोल्हापूरचं नाव घेतलं की आपल्याला कुस्ती आठवते, आणि ते खरंच आहे. शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले, तेव्हा वाटेत रोमचं प्राचीन मैदान त्यांनी पाहिलं आणि त्याच धर्तीवर कोल्हापुरात खासबागचं कुस्ती मैदान उभं केलं. १९१२ साली ते पूर्ण झालं. याच मातीतले खाशाबा जाधव. गाव त्यांचं कराडजवळचं गोळेश्वर, पण शिक्षण आणि तालीम कोल्हापूरची. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत ब्राँझपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. त्यांना पाठवायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ही गोष्ट मी ऐकते तेव्हा मला दर वेळी प्राचार्यांच्या पत्नीची आठवण येते. त्या बाईंनी "ठेवा गहाण" म्हटलं असेल तेव्हा चूल पेटलेली असेल की विझलेली? त्यांच्याबद्दल कुठं काही वाचायला मिळत नाही.

कोल्हापुरात फुटबॉल वाढला तो याच तालमींच्या अंगणात. आजही तिथल्या संघांची नावं पाहा. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. फुटबॉलचे संघ आणि नावं तालमींची! कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० सालची, आणि शाहू स्टेडियमवर पेठापेठांचे सामने असले की गल्लीत लग्न काढायचीसुद्धा लोक तारीख बघून काढतात म्हणे. विश्वचषक आला की चौकाचौकांत मेस्सी, रोनाल्डो, नेमार यांचे फलक. माझं आपलं मत असं, की कुस्तीनं इथल्या पोरांना पायात ताकद आणि छातीत दम दिला, पेठेनं ईर्षा दिली, आणि एका चेंडूवर बावीस जण खेळतात म्हणून हा खेळ गरिबाला परवडला. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्या वेळी गडहिंग्लजमध्ये आमच्या दिरांनी असा आव आणला होता की जणू मुलगा आमच्याच गल्लीतला!

पण तालमीची एक गोष्ट तुम्हालाही माहीत असेल. तिच्या उंबऱ्याआत बाईमाणसानं पाऊल टाकायचं नाही, हा जुना दंडक. हनुमंताची जागा ती. आता जिल्ह्यातल्या मुली कुस्तीही खेळतात, दिवस पालटलेत. तरी मनातला उंबरा लवकर झिजत नाही. फुटबॉलच्या मैदानाला उंबरा नाही, दार नाही. तरीही बत्तीस वर्षांत मी आणि जाऊबाई तिथं कधी गेलो नव्हतो. कोणी अडवलं होतं असं नाही. दुपारी तीनला ओटा आवरायचा, चारला चहा, पाचला दळण आणि सहाला दिवाबत्ती. जायचं कधी? फार तर ओळखीच्यांच्या गच्चीवरून दहा मिनिटं डोकावून यायचं, तेही वाळवण काढायच्या निमित्तानं.

एवढं सगळं सांगितलं ते आमच्या नातीसाठी. जाऊबाईंची नात, वय वर्षं तेरा. दोन वर्षांपूर्वी शाळेत मुलींचा संघ काढायचं ठरलं आणि ही बया घरी न विचारता नाव देऊन आली. तीही कुठं, तर गोलकीपर म्हणून! तो गोलपोस्ट किती मोठा असतो ठाऊक आहे? चोवीस फूट रुंद आणि आठ फूट उंच. आमच्या माजघराची अख्खी भिंत! आणि ती राखायला पाच फूटही न भरणारी आमची चिमुरडी.

तिच्या आईची ना नव्हती, हो नव्हतं. बाप खूश. पण घरात शब्द चालतो तो जाऊबाईंचा. त्यांनी वर्षभर काणाडोळा केला. मग गेल्या गणपतीनंतर एका सामन्यात पोरगी चेंडूवर झेपावली आणि समोरून येणारीचा बूट हनुवटीला लागला. तीन टाके पडले. झालं! जाऊबाईंनी बूट उचलून माळ्यावर टाकले.

"तोंडाला खोक पडली पोरीच्या! उद्या पाहुणं बघायला आलं म्हंजे काय सांगायचं, गोल अडवला म्हणून?"

मला हसू आलं होतं, पण हसण्यासारखं ते नव्हतं. मैत्रिणींनो, आपण शिकल्या-सवरलेल्या बायकासुद्धा मनातून याच हिशेबानं चालतो की नाही? मुलगा गुडघा फोडून आला तर आपण हळद लावतो आणि मुलीनं फोडून घेतला तर विचारतो, "गेली कशाला होतीस?" मी स्वतः माझ्या मुलीला उन्हात खेळू दिलं नाही, रंग जाईल म्हणून. आज ती बंगळूरला नोकरी करते, पाठीच्या दुखण्यानं हैराण आहे आणि डॉक्टर तिला रोज तासभर चालायला सांगतात.

पोरीनं आजीशी भांडण केलं नाही. तिनं वेगळाच मार्ग काढला. आजी भाजी निवडत बसली की समोर बसून वाचून दाखवायची. एकदा तिनं इंग्लंडमधली एक हकिगत वाचली. पहिल्या महायुद्धाच्या वेळी तिथल्या कारखान्यांत दारूगोळा करायला बायका लागल्या. जेवणाच्या सुट्टीत त्या फुटबॉल खेळू लागल्या. प्रेस्टन गावच्या डिक कर कारखान्यातल्या बायकांचा संघ इतका गाजला की २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलला त्यांचा सामना बघायला त्रेपन्न हजार माणसं आली! आणि पुढच्याच वर्षी तिथल्या फुटबॉल संघटनेनं ठराव केला की हा खेळ बायकांना योग्य नाही, आमच्या संलग्न मैदानांवर त्यांना खेळू देऊ नका. ही बंदी १९७१ पर्यंत टिकली.

"म्हंजे खेळ बंद केला न्हाई, मैदान बंद केलं," जाऊबाई म्हणाल्या. गवार मोडायची थांबल्या क्षणभर. मग पुन्हा कट् कट् सुरू.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतचं नाव त्यांना माहीत होतं. २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत रायफल नेमबाजीत ती विजेती ठरली, तेव्हा टीव्हीवर पाहिलं होतं. पण तीच तेजस्विनी ऑलिंपिकला पहिल्यांदा गेली ती २०२१ मध्ये, टोकियोला, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, हे त्यांना नवीन होतं. राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुल नेमबाजीत सुवर्ण मिळवलं. नेमबाजीत ते मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं फ्रान्समध्ये ऑलिंपिकचं ब्राँझ घेतलं, तेव्हा तर जिल्हाभर दिवाळीच झाली. "नेमबाजीत बरं," जाऊबाईंचं मत. "उभं राहायचं, उडवायचं. कुणी तोंडावर पाय देत न्हाई."

या दिवाळीत आम्ही गेलो तेव्हा हे असं शीतयुद्ध चालू होतं. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी सकाळी मुलींचा आपसातला सामना होता. माळ्यावरचे बूट कोणी काढून दिले ते मी सांगणार नाही. (आमच्या घरात माळ्यापर्यंत हात पोहोचणारे एकच गृहस्थ आहेत!) पोरगी तोंड न धुता पसार झाली. अर्ध्या तासानं जाऊबाई स्वयंपाकघरात आल्या, करंज्यांचं सारण झाकून ठेवलं आणि पदर खोचत म्हणाल्या, "चल, जरा बघून येतो. टाकं उसवलं तर दवाखान्यात न्यायला कुणीतरी पायजे."

अशा रीतीनं बत्तीस वर्षांनी आम्ही दोघी जावा मैदानावर गेलो. हातात पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, हळदीची पुडी आणि डब्यात शेंगदाण्याचे लाडू. कडेला एका दगडावर बसलो. सकाळचं धुकं नुकतंच उठत होतं. समोर चोवीस फुटांच्या त्या चौकटीत आमची नात एकटी उभी होती, हातमोजे घालून, जरा पुढे वाकून. बाकीच्या दहा जणी एकमेकींना हाका मारत पळतात. गोलकीपर मात्र वाट बघत असते. मला ते बघून कसंसंच झालं.

आणि मग जी गंमत झाली ती ऐका. पलीकडच्या संघातली एक उंच मुलगी आमच्या नातीच्या अगदी जवळ येऊन थांबली होती. मधून चेंडू आला, तिनं घेतला, पायानं ढकलला, तोवर माझ्या शेजारून जाऊबाई ताडकन उभ्या राहून ओरडल्या, "ऑफसाइड! ऑफसाइड हाय ती!"

त्याच क्षणी पंचांची शिट्टी वाजली. ऑफसाइडच होती!

मी थक्क होऊन बघत राहिले. "तुम्हाला कसं कळलं?"

"चाळीस वर्सं ताटावर बसून हेच ऐकतोय न्हवं का," जाऊबाई म्हणाल्या. आणि खरंच, या घरातल्या पुरुषांनी रोज रात्री भाकरीच्या तुकड्यांनी, वाटीनं, मिठाच्या बरणीनं सामने मांडून दाखवले होते. वाढता वाढता त्यांना सगळा खेळ पाठ झाला होता. न बघता!

ऑफसाइड म्हणजे काय ते तुम्हालाही सांगते, म्हणजे घरी टीव्हीवर सामना लागला की तुम्हीही ओरडू शकाल. समजा, पंगत बसायच्या आधीच एखादा आगाऊ पाहुणा पाटावर जाऊन बसला आणि तिथूनच "वाढा" म्हणाला. तसंच हे. आपल्या गड्यानं चेंडू पुढे टाकला त्या क्षणी, समोरच्या संघाच्या अर्ध्या मैदानात, आपल्या आणि त्यांच्या गोलरेषेच्या मध्ये त्यांचे निदान दोन खेळाडू हवेत, गोलकीपर धरून. नाहीतर चेंडू तरी आपल्या पुढे हवा. तसं नसताना पुढे जाऊन त्या चेंडूला हात घातला, म्हणजे पाय घातला, की शिट्टी!

सामना आमच्या नातीचा संघ एक गोलनं हरला. तो गोल तिच्या हाताखालूनच गेला. जाऊबाईंनी काही म्हटलं नाही. डबा उघडून बावीसच्या बावीस जणींना लाडू दिले. शेवटच्या दोघींना अर्धा अर्धा आला. मुली घामानं निथळत, लाल मातीनं माखलेल्या, लाडू खाताना खिदळत होत्या. त्यातल्या एकीची आई ऊसतोडीला जाते, एकीचे वडील बँकेत आहेत, एक कानडी बोलते. आम्हाला कोणी सांगितलं नसतं तर ओळखू आलं नसतं. सगळ्याच मातीच्या.

घरी आल्यावर कपडे धुण्याचा प्रसंग! इथं एक उपयोगी गोष्ट सांगून ठेवते. मातीनं भरलेला खेळाचा शर्ट ओला असताना घासू नका. चिखल आणखी आत बसतो. आधी पूर्ण वाळू द्या, मग ब्रशनं झटका, गार पाण्यात साबणचुऱ्यात अर्धा तास भिजवा आणि मगच चोळा. गरम पाणी नको, विशेषतः रक्ताचा डाग असेल तर मुळीच नको. बूट उन्हात तापत ठेवू नयेत, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवावेत. आणि वाढत्या वयाच्या खेळणाऱ्या मुलीला सकाळी रिकाम्या पोटी मैदानावर पाठवू नका. नाचणीची आंबील, केळं, गूळ-शेंगदाणे, काहीतरी पोटात हवंच. पाळीच्या दिवसांत खेळू द्यावं का, हे आमच्या सुनेनं डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. त्रास नसेल तर खुशाल खेळू दे, पण रक्त कमी आहे का ते तपासून घे, असं त्या म्हणाल्या. सामन्यांना बाहेरगावी न्यायचं असेल तर मुलींसाठी कपडे बदलायला आणि न्हाणीघराला सोय आहे का, हे आधी विचारून घ्या. एका गावी, नाव नको, आमच्या पोरींनी त्यापायी दिवसभर पाणीच प्यायलं नव्हतं. हे सर विचारणार नाहीत. आपणच विचारायचं.

भाऊबीजेच्या संध्याकाळी मूळ मुद्दा निघाला. दोन दिवसांनी कोल्हापूरला मुलींची निवड चाचणी होती. पालकांची सही हवी होती. बापानं कागद पुढे केला, पण आईकडे. म्हणजे जाऊबाईंकडे. सगळे गप्प. टीव्ही कोणीतरी बारीक केला. नात हनुवटीवरच्या व्रणावरून बोट फिरवत खाली बघत होती.

त्या वेळी माझ्याच तोंडून निघून गेलं, की २०२५ च्या जुलैत आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात हरवलं आणि आशियाई करंडकासाठी पात्रता मिळवली. पात्रता फेरी खेळून तिथं पोहोचण्याची भारताची ही पहिलीच वेळ. दीर म्हणाले, "ते टीव्हीतलं झालं." जाऊबाईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चष्मा मागवला. कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग विचारलं, "चाचणी किती वाजता?"

"नऊला, आजी."

"म्हंजे सहाची एसटी."

"सर घेऊन जाणार आहेत सगळ्यांना..."

"जाऊ देत की. मी बी येतो."

तर सहाच्या एसटीत पुढच्या बाकावर सर, मागे सात मुली आणि मध्ये जाऊबाई, मांडीवर डबा. संकेश्वर, तवंदीचा घाट, निपाणी, कागल. मी सोबत होतेच. दुपारपर्यंत चाचणी चालली. आमची नात चांगली खेळली, दोन चेंडू तर तिनं असे अडवले की बाकीच्या मुलींच्या पालकांनीही टाळ्या दिल्या. पण यादीत नाव आलं नाही. उंची कमी पडते, पुढच्या वर्षी या, असं सांगितलं.

पोरगी खिडकीशी बसून बाहेर बघत होती. डोळे भरलेले. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. जाऊबाई मात्र कागलपासून जे बोलायला लागल्या ते थेट निपाणी येईपर्यंत थांबल्या नाहीत. निवड करणाऱ्यांना खेळातलं कसं काही कळत नाही, त्या डावीकडच्या पोरीला त्यांनी कशी घेतली, दुसरा चेंडू किती अवघड होता. वाहकसुद्धा तिकिटं फाडायची थांबून ऐकत होता. शेवटी त्यानं विचारलं, "आज्जी, तुम्ही कोच का?"